एक डोळा बरा झाला, आता दुसऱ्याची पाळी? पडद्याचा व्हायरल आजार पुन्हा का उलटतो आणि धोका कुणाला असतो?

आठवतोय २०२३ चा जुलै-ऑगस्ट? अख्ख्या महाराष्ट्रात डोळे आले होते. शाळेत, एसटीत, ऑफिसात, जिकडे बघावं तिकडे काळे गॉगल. घरातल्या एकाचे डोळे आले की चार दिवसांत सगळ्यांचे लाल. आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेकांचे डोळे बरे झाले आणि मागे उरले ते फक्त मिम्स.

त्यामुळे 'डोळ्याला व्हायरल झालंय' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एवढंच येतं. लाली, चिकट पाणी, मेडिकलमधून आणलेले ड्रॉप्स आणि चार दिवस सुट्टी.

आता दुसरं चित्र बघा. समजा, श्रीवर्धनजवळच्या एका कोळीवाड्यातले दादा आहेत, वय पन्नाशीच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला विषाणूचा संसर्ग झाला होता. मुंबईत उपचार झाले, काही महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. दीड महिन्यात बरं वाटलं, नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या आणि गोळ्या मागे पडल्या. आता उजव्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगताहेत. दादा म्हणतात, "डोळे आले असतील, जातील."

हे डोळे येणं नाही. इथे एकेक दिवस महत्त्वाचा असतो, कारण वेळ गेली तर दादांच्या दोन्ही डोळ्यांची नजर जाऊ शकते.

हा आजार काय आहे, तो पुन्हा का उलटतो आणि कुणी जास्त सावध राहायला हवं, तेच समजून घेऊया.

डोळे येणं वेगळं, पडद्याचा आजार वेगळा

डोळे येतात तेव्हा विषाणू असतो डोळ्याच्या बाहेरच्या पातळ आवरणावर. म्हणून डोळा लाल होतो, चिकटतो, टोचतो, आणि म्हणूनच तो हाताने, रुमालाने दुसऱ्याला लागतो.

पडदा म्हणजे दृष्टिपटल असतं डोळ्याच्या अगदी मागे, आतून. समोरचं चित्र या पडद्यावर उमटतं आणि तिथून नसेवाटे मेंदूकडे जातं. पडद्याच्या पेशी एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. बाहेरची जखम भरते तशी ही भरत नाही. जेवढा भाग गेला, तेवढी नजर कायमची गेली.

या पडद्याला विषाणूमुळे सूज येते, तेव्हा त्याला 'व्हायरल रेटिनायटिस' म्हणतात. यात दोन प्रकार महत्त्वाचे.

पहिला, 'अ‍ॅक्यूट रेटिनल नेक्रोसिस', म्हणजे पडद्याचा भाग झपाट्याने मरत जाणं. जपानमध्ये १९७१ साली उरायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं पहिलं वर्णन केलं. तेव्हा कारण माहीत नव्हतं. पुढे कळलं की हे काम आहे हर्पिस कुळातल्या विषाणूंचं, म्हणजे कांजिण्या-नागिणीचा विषाणू आणि ओठांवर किंवा गुप्तांगावर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स यांचं. हा आजार दुर्मिळ आहे. ब्रिटनमधल्या पाहणीत दहा लाखांमागे वर्षाला एकापेक्षाही कमी रुग्ण सापडले. पण ज्याला होतो, त्याच्याकडे वेळ फार थोडा असतो.

दुसरा, 'सीएमव्ही रेटिनायटिस'. सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, हर्पिसच्याच कुळातला. हा हळूहळू पसरतो, बऱ्याचदा दुखत नाही, डोळा लालही होत नाही. म्हणूनच तो जास्त फसवा.

विषाणू बरा झाल्यावर जातो कुठे?

कुठेच जात नाही. या आजाराची सगळी गोम इथेच आहे.

लहानपणी कांजिण्या झाल्या, फोड सुकले, खपल्या पडल्या, घरात कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ झाली. आपल्याला वाटलं, संपलं. पण तो विषाणू शरीराबाहेर गेलेलाच नसतो. तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन झोपतो. वीस, तीस, पन्नास वर्षं झोपलेला राहतो. आपली रोगप्रतिकारशक्ती त्याच्यावर पहारा देत असते. पहारा ढिला पडला की तो जागा होतो. कातडीवर आला तर आपण म्हणतो नागीण झाली. क्वचित तो डोळ्याच्या आत पोचतो.

सीएमव्हीचंही तसंच. भारतातल्या बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात हा विषाणू आधीच आहे. तुमच्या-माझ्याही असण्याची शक्यता जास्त. निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आपली औषधं, म्हणजे अ‍ॅसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर, गॅनसायक्लोव्हिर, या विषाणूची वाढ थांबवतात. झोपलेल्या विषाणूला ती मारू शकत नाहीत. म्हणजे औषधाने आग विझते, पण निखारा राखेखाली राहतो. वारा लागला की तो पुन्हा पेटतो.

मग हा 'वारा' कोणता? तोच आपला मुख्य प्रश्न.

धोका कुणाला जास्त?

१. एचआयव्ही आहे, पण उपचार सुरू नाहीत किंवा मध्येच सुटले. सीएमव्ही रेटिनायटिसचं हे सगळ्यात ठळक कारण. शरीरातल्या पहारेकरी पेशींची मोजणी 'सीडी४' या चाचणीने होते. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५०० च्या वर असतो. तो ५० च्या खाली घसरला की सीएमव्ही डोळ्यात शिरण्याचा धोका प्रचंड वाढतो. भारतात एड्सच्या रुग्णांमधल्या डोळ्यांच्या आजाराची पहिली नोंद चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा परिणामकारक औषधं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी औषधं सुरू केली आणि सुरुवातीच्या केंद्रांमध्ये मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. एआरटी नियमित घेतली की सीडी४ वाढतो आणि हा आजार होण्याची किंवा उलटण्याची शक्यता खूप कमी होते. गोळ्या सुटल्या की पहारा पुन्हा ढिला.

२. किडनी किंवा दुसरा अवयव बसवला आहे, किंवा केमोथेरपी सुरू आहे. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवावी लागते. ते गरजेचंच असतं. ती औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत. पण अशा माणसाने डोळ्यातला कुठलाही नवा बदल लगेच डॉक्टरांच्या कानावर घालायचा. रक्ताचा कर्करोग आणि संधिवातासारख्या आजारांवरच्या काही औषधांनाही हेच लागू.

३. स्टिरॉइड, विषाणूविरोधी औषधाच्या आधाराशिवाय. डोळ्याच्या डॉक्टरांकडे स्टिरॉइड हे महत्त्वाचं औषध आहे. सूज उतरवायला ते लागतं. पण पडद्यावर विषाणू जागा असताना आधी विषाणूला आवरणारं औषध आणि मगच, डॉक्टरांच्या नजरेखाली, स्टिरॉइड, असा क्रम असतो. क्रम उलटा झाला तर पहारेकरीच झोपी जातात. जास्त डोसच्या गोळ्या, डोळ्यात किंवा डोळ्याभोवती दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, यांनंतर हा संसर्ग झाल्याच्या किंवा उलटल्याच्या नोंदी जगभरात आहेत. मेडिकलमधून 'लाल डोळ्याचे ड्रॉप्स द्या' म्हणून आणलेल्या बाटलीतही अनेकदा स्टिरॉइड असतं. त्याने लाली जाते आणि आपल्याला वाटतं, बरं झालं. खरं तर लक्षण झाकलं जातं आणि डोळ्याच्या पुढच्या भागात हर्पिस असेल तर तो आणखी चिघळतो.

४. औषधाचा कोर्स अर्ध्यावर सोडणं. शिरेतून किंवा डोळ्यात इंजेक्शन देऊन सुरुवातीची आग विझवली जाते. त्यानंतरच्या गोळ्या असतात निखाऱ्यावर झाकण म्हणून. अ‍ॅक्यूट रेटिनल नेक्रोसिसमध्ये त्या साधारण दीड ते तीन महिने, काहींना त्याहून जास्त काळ घ्याव्या लागतात. सीएमव्हीमध्ये तर आधी सीडी४ १०० च्या वर जाऊन तीन ते सहा महिने तिथे टिकावा लागतो, पडदा शांत दिसावा लागतो, मगच डॉक्टर औषध थांबवण्याचा विचार करतात. 'दिसायला लागलं' हा औषध थांबवण्याचा निकष नाही.

५. आधी एका डोळ्याला झालेलं असणं. अ‍ॅक्यूट रेटिनल नेक्रोसिसमध्ये उपचार झाले नाहीत तर बऱ्याच रुग्णांच्या दुसऱ्या डोळ्यातही तोच आजार येतो. बहुतेकदा पहिल्या दीड महिन्यात, पण कधी कधी दहा-वीस वर्षांनीही. अ‍ॅसायक्लोव्हिर घेतलेल्यांमध्ये ही शक्यता बरीच कमी होते, हे १९९१ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. म्हणजे त्या गोळ्या आजारी डोळ्यापेक्षाही चांगल्या डोळ्याला वाचवत असतात.

६. नागीण किंवा मेंदूज्वराचा इतिहास. कपाळावर, पापणीवर, नाकाच्या शेंड्यावर नागिणीचे फोड आले तर डोळ्यात शिरकाव होण्याची शक्यता वाढते. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला जाणारी नस एकच आहे, म्हणून डॉक्टर तो फोड पाहून लगेच डोळे तपासतात. आपल्याकडे नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस वाचत नाही, अशी समजूत आहे, आणि मग उतरवायला मांत्रिकाकडे धाव. विळख्याची गोष्ट खोटी आहे. पण फोड आल्यापासून पहिल्या ७२ तासांत औषध सुरू झालं तर फायदा सगळ्यात जास्त, ही गोष्ट खरी आहे. ते तीन दिवस अंगाऱ्यात घालवू नका. ज्यांना पूर्वी हर्पिसमुळे मेंदूला सूज आली होती, त्यांच्या पडद्यालाही पुढे काही वर्षांनी धोका राहतो. डोळ्याच्या डॉक्टरांना ही जुनी गोष्ट आवर्जून सांगा.

७. वाढतं वय आणि ताब्यात नसलेली साखर. पन्नाशीनंतर पहारा आपोआप थोडा सैल होतो, मधुमेहाने आणखी. मधुमेहात पडद्याचे दुसरेही आजार होतात, त्यामुळे 'साखरेमुळेच धूसर दिसतंय' असं गृहीत धरून दोन आठवडे जातात. गृहीत धरू नका, तपासून घ्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अ‍ॅक्यूट रेटिनल नेक्रोसिस पूर्ण निरोगी, धडधाकट माणसालाही होतो. वरच्या यादीत आपण नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

कशाने होत नाही?

समुद्राच्या खाऱ्या पाण्याने होत नाही. मोबाईल जास्त बघितल्याने होत नाही. रुग्णाच्या डोळ्यात डोळे घालून बघितल्याने तर अजिबात नाही. डोळे आल्यावर साथ पसरते, तशी पडद्याच्या या आजाराची साथ येत नाही. घरातल्या माणसाचा टॉवेल वेगळा करायची गरज नाही. फक्त अंगावर नागिणीचे ओले फोड असतील तर कांजिण्या न झालेली लहान मुलं आणि गरोदर बायका यांना लांब ठेवा. त्यांना त्यातून कांजिण्या होऊ शकतात.

आणि डेंग्यू, चिकुनगुनिया? पावसाळ्यानंतर कोकणात हे ताप येतात आणि ताप उतरल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी काहींच्या पडद्यालाही सूज येते. पण ती गोष्ट वेगळी. तो विषाणू शरीरात असा दबा धरून बसत नाही, उपचारही वेगळे. म्हणून डॉक्टरांना 'गेल्या महिन्यात ताप येऊन गेला' हे सांगणं महत्त्वाचं, नाहीतर निदानाची दिशा चुकू शकते.

ओळखायचं कसं?

सुरुवात बहुतेकदा पडद्याच्या कडेला होते. मधली नजर शाबूत असते, पेपर वाचता येतो, जाळ्याची गाठ मारता येते. म्हणून माणूस थांबतो. अशा वेळी ही लक्षणं बघा:

• डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, माश्या किंवा जाळी तरंगणं
• अंधारातही वीज चमकल्यासारखा उजेड दिसणं
• धुक्यातून बघितल्यासारखं धूसर दिसणं
• उजेड सहन न होणं, डोळ्यात खोलवर दुखणं
• कडेने पडदा सरकत आल्यासारखी सावली

शेवटचं लक्षण म्हणजे पडदा सुटत असल्याची खूण. विषाणूने पातळ केलेला पडदा फाटतो आणि मागच्या भिंतीपासून निघतो. अ‍ॅक्यूट रेटिनल नेक्रोसिसमध्ये हे पुष्कळ रुग्णांत घडतं. मग ऑपरेशनशिवाय पर्याय राहत नाही.

घरच्या घरी एक सोपी सवय लावा, विशेषतः ज्यांना एकदा हा आजार झालाय त्यांनी. रोज सकाळी एका डोळ्यावर तळहात ठेवा आणि दुसऱ्याने भिंतीवरचं कालनिर्णय वाचा. मग डोळा बदला. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो. ही सवय तपासणीची जागा घेत नाही, पण दोन आठवड्यांनी कळायचं ते दोन दिवसांत कळू शकतं.

रायगडच्या किनाऱ्यावरून डॉक्टरांपर्यंत

इथे खरी अडचण सुरू होते. टॉर्च मारून पडदा दिसत नाही. ड्रॉप्स घालून बाहुली मोठी करावी लागते आणि खास उपकरणाने कडेपर्यंत तपासावं लागतं. गरज पडली तर डोळ्यातल्या पाण्याचा थेंब काढून पीसीआर चाचणी होते, म्हणजे विषाणू नेमका कोणता ते कळतं. चष्म्याच्या दुकानात किंवा मोतीबिंदूच्या शिबिरात हे होत नाही. यासाठी रेटिनाचे तज्ज्ञ लागतात.

रायगड जिल्ह्यात पनवेलला लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आणि शंकरा आय हॉस्पिटल अशी डोळ्यांची मोठी रुग्णालयं आहेत. मुंबईत जे. जे. आहे. अलिबागकरांसाठी मांडव्याहून रो-रो पकडली की भाऊच्या धक्क्यावरून जे. जे. फार लांब नाही. पण श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडून निघालात तर अर्धा दिवस प्रवासात जातो. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, घाटात दरड आली तर रस्ताही. मग माणूस म्हणतो, "पाऊस ओसरला की जाऊ." या आजारात पाऊस ओसरेपर्यंत थांबता येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. लक्षण दिसलं की त्याच दिवशी जवळच्या सरकारी किंवा खासगी डोळ्याच्या डॉक्टरांना फोन करा आणि स्पष्ट सांगा, "याआधी पडद्याला विषाणूचा संसर्ग झाला होता" किंवा "एआरटी सुरू आहे" किंवा "किडनी बसवली आहे". या एका वाक्याने तुमची चिठ्ठी 'पुढच्या आठवड्यात या' वरून 'आत्ता निघा' वर येते. जुने कागद, औषधांची पाकिटं आणि डोळ्याचे फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवा. खर्चाची काळजी असेल तर योजनेतल्या रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी विचारा.

आणि ती चाचणी

पडद्याला असा संसर्ग झाला की डॉक्टर एचआयव्हीची चाचणी सांगतात. ऐकून घरात शांतता पसरते. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, लॅबमधला मुलगा भाचीच्या वर्गातला निघतो. पण ही चाचणी म्हणजे आरोप नाही. शरीराचा पहारा का ढिला पडला, याचं उत्तर शोधायचा तो पहिला प्रश्न आहे, आणि उत्तर 'नाही' आलं तरी उपचाराला मदतच होते.

उत्तर 'हो' आलं, तर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात एआरटी केंद्र आहे, औषधं मोफत आहेत. तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगायला १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्याने मनाई केली आहे. शंका असेल तर १०९७ या मोफत हेल्पलाईनवर नाव न सांगता बोलता येतं. होडीवर किंवा कामासाठी बाहेरगावी जास्त दिवस जात असाल तर केंद्रात तसं सांगा. तब्येत स्थिर असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्या मिळण्याची सोय असते. एआरटी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी नजर पुन्हा धूसर वाटली तर घाबरून गोळ्या सोडू नका. जागी झालेली प्रतिकारशक्ती कधी कधी डोळ्यात सूज आणते. त्यावर उपचार आहेत, फक्त दाखवायला हवं.

लस आहे का?

सीएमव्हीवर लस बाजारात नाही. नागिणीवर आहे. दोन डोसची नवी लस भारतात २०२३ मध्ये आली, पन्नाशीपुढच्यांसाठी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या प्रौढांसाठी. ती महाग आहे. पूर्वी डोळ्यात हर्पिस झाला असेल तर लस कधी घ्यायची, हे आधी डोळ्याच्या डॉक्टरांना विचारा.

आता दादांचं काय?

त्यांनी आज फोन केला आणि उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने पनवेल गाठलं, तर उजवा डोळा वाचण्याची शक्यता चांगली आहे. आठवडाभर ड्रॉप्स घालून वाट बघितली, तर ती रोज कमी होत जाईल.

हा विषाणू शरीरातून हाकलता येत नाही. पण पहारा मजबूत ठेवता येतो, गोळ्या पूर्ण करता येतात, आणि पहिला ठिपका दिसताच निघता येतं. तुमच्या घरात कुणाला एका डोळ्याला हा त्रास होऊन गेला असेल, तर आज त्यांना एकच प्रश्न विचारा: "गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या, डॉक्टरांनी की तुम्हीच ठरवलंत?"